माशाची खालची बाजू

१४ डिसेंबर १९९३

थियामलोक,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. पत्र बायकोकडून वाचून घे. आपल्या नवऱ्यानं काय दिवे लावलेत ते तिलाही कळू दे.

लग्नाला आज चार दिवस झाले. भाड्याची टेबलं परत गेली. फटाक्यांचे लाल कागद अंगणातून अजून झाडून संपत नाहीत. विहिरीवर मी गेले की बायका बोलायच्या थांबतात आणि बादलीत बघत बसतात. तेवढं काम तू अगदी नीट करून गेलास.

एकुलत्या एक पोराचं, खेबुनचं, लग्न. बारा टेबलं मांडली होती मी, बारा पदार्थ ठरवले होते. तीन पदार्थ होऊन चौथा आला, मासा, आणि तू उठलास. नवऱ्या मुलाचा मामा उठला की त्याच्या आजोळचं एकही माणूस बसून राहत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस. चार टेबलं उठली. आपली धाकटी काकू तर तोंडातला घास गालात धरून उठली. लेहुनच्या माहेरची माणसं जेवायच्या काड्या हातात धरून नुसती बघत राहिली. आणि ती बिचारी लेहुन, नवी नवरी, पेला घेऊन टेबलोटेबली मोठ्यांना नमस्कार करत फिरत होती. ती तुमच्या टेबलांपाशी पोचली तेव्हा तिथं रिकाम्या खुर्च्या. खुर्च्यांना काय नमस्कार करणार? ती पेला घेऊन तशीच मागे फिरली.

लोकांनी गोड तोंडानं उठावं म्हणून शेवटी शेंगदाण्याचं आणि कमळबियांचं गोड सूप होतं. पातेलंभर उरलं. दुसऱ्या दिवशी डुकरांना घातलं.

आणि एवढं कशासाठी, तर एका माशासाठी. फान साहेब म्हणजे खेबुन कामाला जातो त्या बुटांच्या कारखान्याचा मॅनेजर. डोंगराकडचा माणूस, त्यानं समुद्र बघितला तो नोकरीला इकडे आल्यावर. ताटातला मासा आपल्याकडे कुणी पालथा करत नाही, मासा उलटला तर होडी उलटते, हे त्याला कुठून माहीत असणार? वरची बाजू संपली, त्यानं काड्यांनी मासा उलटवला. अजाणता झालं. सगळ्या अंगणातल्या काड्या थांबल्या ते मलाही दिसत होतं. पण मी सांभाळून घेतलं असतं. तू ती संधीच दिली नाहीस. उठलास आणि म्हणालास, "ताई, या घरातली एक होडी उलटली तेवढी पुरे."

पोसेंगला जाऊन अठरा वर्षं झाली. नवरा माझा होता, तुझा नव्हता. त्याची होडी उलटली होती याची आठवण करून द्यायला मला तू लागत नाहीस, आणि पोराच्या लग्नात तर मुळीच नाही.

रागाच्या भरात मीही तुला काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही.

भाच्याच्या लग्नात भिंतीवर लावायला म्हणून तू आणलेल्या लाल कापडी पटाची मी पायपुसणी करणार आहे. कापड बरं आहे, सोनेरी अक्षरं तेवढी पायाला टोचतील.

लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते,
तुझी ताई खिम


१२ फेब्रुवारी १९९४

थियामलोक,

काल नव्या वर्षाचा दुसरा दिवस. गावातल्या सगळ्या लेकी माहेरी गेल्या. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला न्यायलासुद्धा तिचा सत्तर वर्षांचा भाऊ काठी टेकत आला होता.

मी निळा कोट घातला, तांदळाचा गोड केक फडक्यात बांधला आणि पायरीवर बसले. सकाळची बोट तुमच्या बेटावरून आली, दुपारची आली. शेजारीण म्हणाली, खिम, अजून कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, कुणाची नाही, ऊन खातेय. आभाळ भरून आलं होतं. ती आत जाऊन नक्की हसली असेल.

केक मीच खातेय. तीन दिवस पुरेल.

पहिल्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे. पण बोटवाला सांगत होता की तू पत्र घेऊन धक्क्यावरच बसलास आणि स्वतः वाचलंस, एकेका अक्षरावर बोट ठेवून. दोनदा वाचलंस म्हणे. म्हणजे वाचता येतं तुला. मग लिहिताही येत असेल.

हे बघ, मासा हे निमित्त होतं. आल्या आल्याच तुझं तोंड उतरलं होतं, मी बघितलं. पहिल्या टेबलाची मधली खुर्ची, भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड, ती मामाची. हे लहान पोरही सांगेल. त्या खुर्चीवर फान साहेब बसले होते. तुझा पट मधल्या भिंतीवर लागायला हवा. तिथं कारखान्याचा लागला होता. तुझा स्वयंपाकघराच्या दाराशी होता, कढयांची वाफ सगळी त्याच्यावर. तू उभा राहून दोन्हीकडे बघितलंस आणि जाऊन तिसऱ्या टेबलावर पोसेंगच्या चुलतभावांत बसलास, तेही कडेला. मामानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी काडी उचलत नाही. लोक तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी फान साहेबांना म्हटलं, सुरू करा साहेब.

आता हे सगळं खेबुनचं बरं का. त्याला मुकादम व्हायचं होतं, मॅनेजरला खूश करायचं होतं. आजकालच्या मुलांना रीतभात कुठं कळते? मी बाईमाणूस काय करणार? लग्न त्याचं, साहेब त्याचा. तुला राग धरायचाच असेल तर तुझ्या लाडक्या भाच्यावर धर. तूच डोक्यावर चढवून ठेवलायस.

खेबुन हल्ली घरात फारसा बोलत नाही. कामाचा थकवा असेल.

ताई


१९ मे १९९४

थियामलोक,

तुला आनंद व्हावा म्हणून एक बातमी देते. फान साहेबांची बदली झाली. मार्चमध्येच गेले. निरोपाच्या दिवशी खेबुन फाटकाशी हात जोडून उभा होता. साहेबांनी गाडीची काच वर केली आणि गेले. नवा मॅनेजर आपली माणसं घेऊन आला. मुकादम त्यातलाच एक झाला. खेबुन अजून बुटांचे तळवे चिकटवतोय, पहिल्यासारखाच. रात्री जेवताना त्याच्या हाताला गोंदाचा वास येतो. मी त्याला म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, "मी कुठं काय म्हणतोय, आई?" आणि ताट घेऊन बाहेर जाऊन जेवला.

माझ्या पोटात दुखतंय. जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवलं. फोटो काढले. डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत, खेबुनला बाजूला घेऊन बोलले. तेव्हाच मला जे कळायचं ते कळलं. बाहेर येऊन पोरगा म्हणतो, अल्सर आहे, पेज खायची. लहानपणापासून त्याला खोटं बोलता येत नाही. ते तुझ्यावर गेलंय.

लेहुन सगळं करते. ज्या लग्नात तिच्या तोंडावर चार टेबलं उठली, त्याच लग्नातल्या सासूची पाठ चोळते. एकदा मी तिला विचारलं, तुला राग नाही येत? म्हणाली, येतो. आणि चोळत राहिली.

तू अंगणातून निघालास तेव्हा मी काय बोलले ते आठवत नाही असं मी लिहिलं होतं. ते खोटं. मला शब्दन् शब्द आठवतो, तुलाही आठवत असणार आणि त्या अंगणातल्या शंभर माणसांनाही. मी म्हणाले, "अठरा वर्षं मासे आणून टाकलेस म्हणून हे घर तू विकत घेतलं नाहीस."

तू फाटकाशी थांबलास. मला वाटलं, वळून काहीतरी बोलशील, म्हणजे मग मलाही आणखी बोलता येईल. तू फाटक ओढून घेतलंस, नीट, कडी घालून. त्यानं माझ्या अंगाचा जास्तच भडका उडाला.

झोप येत नाही तेव्हा एकेक आठवत बसते. पोसेंगला शोधायला तू चार दिवस समुद्रात होतास. एकोणीस वर्षांचा होतास. मी त्याला बघू नये म्हणून अंगातला सदरा काढून तू त्याच्या तोंडावर टाकलास आणि थंडीत उघडा उभा राहिलास. खेबुन तेव्हा चार वर्षांचा. त्यानंतर कित्येक महिने तो मासा खायला घाबरायचा, म्हणायचा, यानं बाबांना खाल्लंय. तू त्याला मांडीवर घ्यायचास आणि काटे काढून बशीच्या कडेला ओळीनं मांडायचास. म्हणायचास, बघ, आता याच्याकडे हत्यार राहिलं नाही. मग तो खायचा. तो शाळेत जायला लागेपर्यंत तू स्वतःचं लग्न लांबवलंस. मुलीकडचे दोनदा परत गेले.

हे मी मनाशीच आठवते. लिहिलं गेलं खरं.

ताई


२७ ऑगस्ट १९९४

थियामलोक,

भुतांचा महिना चालू आहे, मेलेली माणसं परत फिरतात तो. आजारी माणसानं अशा महिन्यात असलं काही लिहू नये असं लेहुन म्हणते. पण पुढचा महिना मला मिळेलच असं नाही, तेव्हा लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. एका बैठकीत होत नाही आता.

फेब्रुवारीत मी खेबुनचं नाव पुढे केलं. आईनं पोराच्या आड लपायचं म्हणजे हद्द झाली. त्याचा यात काही दोष नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं तुझा पट मधल्या भिंतीवर आपल्या हातानं लावला होता. स्टुलावर चढून, दोरी धरून, सरळ आहे का ते चारदा उतरून बघून. मी तो उतरवायला लावला. त्यानं विचारलं, "मामा काय म्हणेल?" मी म्हणाले, "मामा आपलाच आहे. तो काही म्हणणार नाही."

तो स्टुलावरून उतरला आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

का केलं ते सांगते. मुकादमीसाठी, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं मी कुणाला सांगितलेलं नाही.

अठरा वर्षं या गावात माझं काही चांगलं झालं की लोक तुझं नाव घ्यायचे. पोरगा शाळेत पहिला आला, तर मामाची पुण्याई. घरावर कौलं चढली, तर मामानं चढवली. मी नुसती बसून नव्हते रे. पहाटे ओहोटीला चिखलात उतरून कालवं काढली, दिवसभर फोडली. बोटांच्या चिरांत मीठ जाऊन जाऊन आता तिथं काही लागतसुद्धा नाही. पण ते कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. कालवं फोडणाऱ्या बायका गावात पन्नास आहेत. असा भाऊ एकीलाच होता. आणि तू तरी कसा? एकदा बोलून दाखवलं असतंस, एकदा उपकार मोजून दाखवले असतेस, तर मी भांडून मोकळी झाले असते. तू मासे पायरीवर ठेवायचास आणि दार न वाजवता निघून जायचास. मला ते मासे उचलताना दर वेळी वाकावं लागायचं.

म्हणून एक दिवस मला असा हवा होता की मधल्या खुर्चीवर मी ज्याचं काही देणं लागत नाही असा माणूस बसलाय आणि तू चारचौघांसारखा पाहुणा म्हणून कडेला. एकच दिवस. तो मी माझ्या पोराच्या लग्नातून चोरला. एवढंच आहे ते. लिहिल्यावर केवढंसं दिसतं.

आता पुढचं. मी गेले की खेबुन तुझ्या दाराशी येऊन गुडघे टेकील. तू येशील. माझ्या अंगावरचे कपडे बघशील, थर मोजशील, पोरानं आईला नीट सांभाळलं की नाही ते सगळ्यांसमोर विचारशील. मग तो ताटात हातोडा घेऊन पुढे येईल आणि पहिला खिळा तू मारशील. तोवर शवपेटीचं झाकण लागायचं नाही. तेव्हा कुणी तुझी जागा दुसऱ्याला देऊ शकत नाही, मीसुद्धा नाही. फान साहेब काही खिळा मारायला यायचे नाहीत.

म्हणजे तू येणार हे नक्की आहे. पण तेव्हा तुला रीत आणील. त्यात माझं काय? मला तू त्याआधी यायला हवा आहेस. मी डोळे उघडे ठेवून बघू शकेन तेव्हा.

तुझ्या पटाची मी पायपुसणी केली नव्हती. ट्रंकेत घडी घालून ठेवला होता. काल खेबुनला मधल्या भिंतीवर लावायला सांगितलं. तो स्टूल घेऊन आला. खालच्या कोपऱ्यात वाफेचा डाग आहे, तो धुऊनही जात नाही. माझी खाट समोरच आणलीय, म्हणजे तो दिवसभर दिसतो. घरात मर्तिक झालं की भिंतीवरचं सगळं लाल उतरवतात हे तुला माहीत आहे. तेव्हा तो जागेवर लागलेला बघायचा असेल तर लवकर ये.

ये रे. मी वयानं मोठी आहे, माझं ऐक.

ताई


११ सप्टेंबर १९९४

थियामलोक,

तू आलास आणि गेलास. मला उठवलं असतंस तर मी काय चावले असते?

लेहुन म्हणते तू सकाळच्या बोटीनं आलास, हातात एक पापलेट होतं, वेलीत ओवलेलं. पायरीवर ठेवून परत निघाला होतास, तर तिनं तुझी बाही धरली. तू आत आलास. माझ्याकडे बघितलंस, बराच वेळ उभा होतास म्हणे. औषधानं मी दुपारपर्यंत शुद्धीत नसते. तिनं उठवू का विचारलं तर तू मान हलवलीस.

मग तिनं स्वतःच्या डोक्यानं जे केलं ते मला नऊ महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. मधली खुर्ची ओढून पटाखाली ठेवली, तुला बसवलं. पापलेट आलं आणि कांद्याची पात घालून वाफवलं आणि मानाच्या पाहुण्याला ठेवतात तसं डोकं तुझ्याकडे करून ठेवलं. लग्नात तुझ्यापर्यंत न पोचलेला पेला भरला, दोन्ही हातांनी तुला दिला. तू उभा राहून घेतलास. सांगताना पोरीचे डोळे भरून आले होते. माझ्यासमोर ती पहिल्यांदाच रडली.

मी विचारलं, मामा काही बोलला? म्हणाली, पटाकडे बघून म्हणाले, "सरळ लागलाय." बाकी काही नाही.

दुपारच्या बोटीनं तू गेलास. मी उठले ते चार वाजता. माझा हा असा चिडका स्वभाव, लेहुनवरच ओरडले, का नाही उठवलंस म्हणून. तू थांबला असतास तर मी माफी मागितली असती. तोंडानं, सगळ्यांदेखत, शेजारणीला बोलावून. पाठ केली होती मी. आता ती या कागदावर मागते. पण कागदाकडे बघून मागणं सोपं असतं हे मला माहीत आहे, आणि तुलाही माहीत आहे. म्हणून तर तू थांबला नाहीस. होय ना? तेवढी शिक्षा तू मला दिलीस. दे. तुझा हक्क आहे.

टेबलावर झाकलेली बशी होती. तू मासा उलटवला नव्हतास. वरची बाजू खाल्लीस, मधला काटा शेपटीकडून उचलून काढलास आणि खालची बाजू तशीच ठेवलीस.

दोन महिने झाले, पेजेखेरीज माझ्या घशाखाली काही उतरत नाही. लेहुन म्हणाली, नको आई, काटा लागेल. मी हळूहळू चाचपत खाल्लं. जिभेला एकही काटा लागला नाही. अगदी कडेचे बारीकसुद्धा नाहीत.

मग मी बशी उजेडाकडे वळवली. ते सगळे बशीच्या काठाला ओळीनं मांडून ठेवले होते.

ताई